माधुकरीपासून खिचडीपर्यंत

प्राथमिक शाळांत शिकवणारे मित्र भेटले की एक तक्रार हटकून कानी येते. शाळेचे आता स्वयंपाकघर झाले. तांदळाचा हिशेब, भाजीची खरेदी, आरोग्य तपासणीचे तक्ते यांतून जो वेळ उरेल तो शिकवण्याचा. तक्रार खोटी नाही, आणि ती करणारी माणसे कामचुकार तर मुळीच नाहीत. परंतु तिच्या पोटात एक ऐतिहासिक गृहीतक दडलेले असते. पूर्वीची शाळा नुसती शिकवीत असे, विद्यार्थ्याचे पोट, अंग आणि निवारा यांच्याशी तिला कर्तव्य नव्हते, आणि तरीही शिक्षण उत्तम चाले, असे ते गृहीतक. ते तपासून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आपण सनावळीतून शिकतो आणि शिकवतो. १८४८ साली भिडेवाड्यातील मुलींची शाळा, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १९१९ साली रयत शिक्षण संस्था. कोणती पुस्तके लावली, कोणत्या भाषेतून शिकवले, यांवर विपुल लेखन झाले आहे. मूल काय खाऊन शाळेत आले, रात्री कोठे निजले, त्याच्या अंगावरची खरूज कोणी पाहिली काय, पाठच्या भावंडाला कोणाजवळ ठेवून आले, हे प्रश्न मात्र चरित्रग्रंथांतल्या 'वात्सल्य' आणि 'करुणा' या प्रकरणांत जाऊन बसले. वर्गात कोण बसणार हे येथे पुष्कळदा पाटीपेक्षा ताटाने ठरवले आहे, आणि ताटाचा हा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे आम्हांस वाटते.

जुन्या शाळेला विद्यार्थ्याच्या जेवणाची काळजी करावी लागत नसे, हे खरेच आहे. ती काळजी शाळेबाहेरच्या समाजाने उचललेली होती. कोकणातून किंवा घाटावरच्या एखाद्या खेड्यातून पुण्यास विद्येसाठी आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागे, नाहीतर वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी भरले म्हणजे आठवडा निभावला. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. मराठी आत्मचरित्रे आणि आठवणी चाळणाऱ्यास हे वार जागोजागी भेटतात, आणि त्यांच्याबरोबर येणारा अपमानही भेटतो. घरातल्या बाईची नजर, पंक्तीतली शेवटची जागा, वाढताना आखडलेला हात. हा अपमान खरा होता आणि त्याला हलका लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अपमान सोसून का होईना, त्या मुलाला दार ठोठावण्याचा अधिकार होता, आणि ब्रह्मचाऱ्याला भिक्षा घालणे हा दारापलीकडच्या गृहस्थाचा धर्म होता. आजच्या कार्यालयीन मराठीत सांगायचे तर ही एक विद्यार्थी-कल्याण योजनाच होती. तिला शासन-निर्णय नव्हता, लेखापरीक्षण नव्हते. लाभार्थी ठरवण्याचा निकष मात्र पक्का होता, आणि तो जन्माचा होता.

तेव्हा कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाला उद्या शाळेचे दार उघडले, फी माफ झाली, पुस्तकेही मिळाली, तरी त्याचा वार कोणाच्या घरी लागणार होता? शाळा सर्वांना खुली आहे असे म्हणणारे सरकार, आणि शाळेत मुले येतच नाहीत त्याला आम्ही काय करणार असे म्हणणारे अधिकारी, या दोघांच्या मधली मोकळी जागा ही आहे. मुलींच्या बाबतीत तर वाराचा विचारही संभवत नव्हता. पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदासदन काय किंवा धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम काय, येथे निवास आधी आला आणि वर्ग त्याच्या आधाराने उभा राहिला. विधवा मुलीला राहायला सुरक्षित छप्पर नसेल तर तिच्यापुढे बाराखडी ठेवून उपयोग नव्हता.

ही मोकळी जागा ज्याने सर्वांत आधी स्पष्ट पाहिली आणि सरकारला दाखवली, तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. हंटर आयोगापुढील १९ ऑक्टोबर १८८२ चे त्यांचे निवेदन आपल्याकडे मुख्यतः सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी उद्धृत केले जाते. किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, ही ती मागणी. ते ठीकच आहे. पण त्याच निवेदनात शाळांची संख्या वाढवून भागणार नाही, असेही त्यांनी बजावले आहे. शेतकऱ्याचे मूल गुरे राखते, शेतात राबते. त्याला शाळेत पाठवणे म्हणजे घरातला एक हात कमी करणे. म्हणून शिष्यवृत्त्या हव्यात, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे हवीत, आणि ज्या जातींत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी त्यांतला वाटा राखलेला हवा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, कारण सोवळ्याने दूर राहणाऱ्या शिक्षकाला या मुलांच्या गरजा कळायच्या नाहीत. अभ्यासक्रमात शेतीची ओळख असावी आणि आरोग्यरक्षणाचे काही धडे असावेत.

या निवेदनाच्या पाच वर्षे आधी, १८७७ च्या दुष्काळात, जोतीराव, सावित्रीबाई आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी धनकवडी येथील व्हिक्टोरिया बालाश्रमात दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवू घालत होते. चरित्रकारांनी बालाश्रम एका प्रकरणात घातला आणि निवेदन दुसऱ्या. एकाला करुणा म्हटले, दुसऱ्याला शैक्षणिक विचार. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे दोन्ही मजकूर एकापुढे एक ठेवून वाचावेत, असे आम्ही सुचवू. निवेदनातला प्रत्येक मुद्दा हा उपाशी मुले जवळून पाहिलेल्या माणसाचा मुद्दा वाटतो. पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. पुण्यातल्या त्या पहिल्या शिक्षिकेच्या आयुष्यात वर्ग, अन्नछत्र आणि रुग्णशय्या या तीन वेगळ्या जागा नव्हत्या.

आता कोल्हापूर. छत्रपती शाहू महाराजांच्या संस्थानात शाळा होत्या, कॉलेज होते. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नव्हती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे लिंगायत, मुसलमान आणि इतर समाजांची, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. १९०२ साली महाराजांनी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सर्वांना पाठ असते. त्या जागांवर बसण्याइतकी शिकलेली मुले यायची कोठून, याचे उत्तर या बोर्डिंगांच्या भटारखान्यांत होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

या वसतिगृहांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ती जातवार होती, म्हणजे जात मोडण्याऐवजी पक्की करणारी होती. आक्षेपात तथ्य आहे. पण त्या काळचा हिशेबही पाहिला पाहिजे. देणगी जातीतून उभी राहत होती, पंक्तीची बंधने पालकांच्या मनात जिवंत होती, आणि सरमिसळ वसतिगृहात संख्येने व आत्मविश्वासाने वरचढ असलेल्यांचेच राज्य होई. महाराजांनी पंक्तीचा प्रश्न सोडवला नाही. तो तूर्त बाजूला ठेवून मुले आत घेतली. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी काढला तो १९१९ साली, म्हणजे पहिल्या बोर्डिंगनंतर अठरा वर्षांनी. सुधारणेच्या या क्रमाबद्दल मतभेद असू शकतात, आमच्या आमच्यांतही आहेत.

बाजूला ठेवलेला प्रश्न तसाच पडून राहिला नाही. कुंभोजचा एक विद्यार्थी कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करून मगच आत ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने आंघोळ करण्यास नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. आंघोळीसारखी आरोग्याची साधी गोष्ट येथे विटाळाची खूण होऊन येते. शाळा जेव्हा मुलाच्या अंगाला हात घालते तेव्हा ती स्वच्छता शिकवते आहे की शिवाशिव, हे आपोआप ठरत नाही.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. नाव शाहू महाराजांचे, पण घडण वेगळी. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. कोल्हापूरने जे तूर्त टाळले होते तेच साताऱ्याने पायाभूत मानले. मुलांनी कष्ट करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, हे 'कमवा आणि शिका' चे तत्त्व पुढे याच वाटेने वाढले. गावोगावी फिरून धान्य गोळा करणे हा तर संस्थेच्या जीवनाचा भागच होता. माधुकरीही धान्याचीच होती, असे कोणी म्हणेल. फरक इतकाच की माधुकरीत प्रत्येक मुलगा एकटा दारात उभा राही, आणि त्याची जात हीच त्याची शिफारस असे. येथे संस्था मागत होती, आणि मिळालेले सर्वांच्या एकाच हंड्यात शिजत होते.

त्या हंड्यामागे लक्ष्मीबाई पाटील होत्या. जैन घरातली सोवळ्यात वाढलेली ही बाई नाना जातींच्या मुलांचे करू लागली; धान्य संपले तेव्हा तिने दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची आता बोधकथा झाली आहे. बोधकथेचा तोटा असा की त्यातला अर्थव्यवहार दिसेनासा होतो. वसतिगृहाला स्थिर अनुदान नव्हते, मुले वाढत होती, आणि तूट एका बाईच्या अंगावरच्या सोन्यातून भरून निघत होती. १९३० साली त्या वारल्या. संस्थांच्या इतिहासात अशा तुटीचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, १९२५ सालचे. दलित आत्मकथने शिकवताना विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आणून द्यावे : त्यांत शाळेइतकीच, कधी तिच्याहून अधिक जागा बोर्डिंगने घेतली आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात नियतकालिकांना जे महत्त्व आपण देतो, त्यातले थोडे वसतिगृहांना द्यायला हवे. पोटभर जेवण आणि रात्रीचा दिवा यांखेरीज हे लेखक घडले नसते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांचे कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, आणि 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिकही काढत, हे येथे सहज आठवते. शुश्रूषा आणि संपादन ही दोन्ही कामे त्यांना एकाच नोकरीची वाटली.

शाळेतील वैद्यकीय तपासणीचा इतिहास मात्र फार थोडक्यात आटोपतो, कारण घडलेच थोडे. हिंदुस्थानातील शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात, जेथे तीनच वर्षांपूर्वी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले होते. सक्ती करणाऱ्याला मुलाच्या प्रकृतीकडे पाहावे लागते, असा हा सरळ संबंध. त्यानंतर १९४६ साली भोर समितीने, देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे नोंदवले. १९६१ साली रेणुका राय यांच्या समितीचा अहवाल आला. अहवालांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

खरे नवे काही घडले ते समित्यांपासून दूर, ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या डहाणू भागात. १९४५ साली ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. याच वर्षी, याच टापूत, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता; गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्यांना तो परिसर परिचित आहे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. ती साधने महाग, तिच्यामागचे मूल न्हाऊन-माखून, नाश्ता करून येणारे. बोर्डीच्या दलित वस्तीतले मूल बालवाडीत येतच नव्हते. तेव्हा बालवाडी उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे कारणांचा शोध आणखी खोल गेला. मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. मुलगा का येत नाही? गुरे राखतो म्हणून. तर शाळाच कुरणात गेली, आणि तिचे नाव कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. दिवसाचा आरंभ बहुधा आंघोळीने, नखे कापण्याने, केस विंचरण्याने होई. खरूज-गळवांना औषध लागे. जोतीरावांनी १८८२ साली गुरे राखणाऱ्या मुलासाठी शिष्यवृत्ती मागितली होती. येथे वेळापत्रकच गुरांच्या मागे निघाले. आंघोळही येथे पुन्हा आहे, पण कोल्हापूरच्या त्या दारातली नव्हे. शिक्षिका स्वतःच्या हाताने आदिवासी मुलाला न्हाऊ घालते, तेव्हा विटाळ उलटा वाहू लागतो.

सरकारने कोसबाडकडून काय घेतले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा. कागदावर शिक्षण त्यांत आहे. व्यवहारात ते पुष्कळ ठिकाणी सर्वांत कृश राहिले. कोसबाडला आहार आणि स्वच्छता शिकण्याच्या वाटेवर येत होत्या. येथे त्यांची नोंदवही वेगळी झाली.

शाळेतील जेवणाचे तसेच. मद्रास महापालिकेने १९२० साली एका शाळेत मुलांना खाणे देण्यास प्रारंभ केला होता, कामराजांनी १९५६ नंतर ते राज्यभर नेले. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि बहुतेक राज्यांनी तिचा अर्थ कोरडा शिधा असा लावला : ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य. महाराष्ट्रातही मूल पिशवीतून तांदूळ घरी नेई. आमच्या मते या कोरड्या धान्यात प्रशासकीय सोयीबरोबर आणखी एक सोय होती. शिजवायचे नाही, म्हणजे कोणी शिजवले हा प्रश्न नाही. एकत्र बसायचे नाही, म्हणजे कोण कोणाशेजारी बसले हा प्रश्न नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न बंधनकारक केले, दिवसाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान दोनशे दिवस. त्याबरोबर पंक्ती शाळेत आली. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे असे म्हटले. साताऱ्याचा हंडा आता न्यायालयाच्या भाषेत बोलत होता.

तो सगळीकडे उतरला असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत सवर्ण मुलांनी दलित बाईच्या हातचे जेवण नाकारले. तिला कामावरून काढले गेले. मग दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचे नाकारले. अखेर पहिल्या बाईंना पुन्हा कामावर घेतले. १९०८ च्या कोल्हापुरात आंघोळ नाकारणारा मुलगा एकटा होता. येथे पंगतीतली मुले मिळून उठली, आणि दोन्ही बाजूंनी उठली.

आरोग्य तपासणीचे वर्तुळ योगायोगाने डहाणूजवळच फिरून आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जाते. जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब पाहते, गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रियेपर्यंत पाठवते. हृदयाचा दोष कोसबाडच्या पाटावर सापडला नसता, हे मान्य केले पाहिजे. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला मात्र काल उपाशी निजलेले मूल सापडत नाही. ते ज्याला रोज दिसते तो शिक्षक त्या वेळी तक्ते भरत असतो. शिक्षकाला या कामासाठी वेगळा मदतनीस द्यावा, लेखनिक द्यावा, ही मागणी आम्हांस रास्त वाटते. जेवणच शाळेबाहेर न्यावे ही मागणी रास्त वाटत नाही; शाळेबाहेर ते कोणाला मिळत होते, हे वर आलेच आहे.

उरतो प्रश्न शिजवणाऱ्या हातांचा. खिचडी रांधणाऱ्या बाईला केंद्राच्या निकषाप्रमाणे २००९ पासून महिना १००० रुपये ठरले, तेही वर्षातले दहा महिने. राज्ये आपापली भर त्यात घालतात. या रकमेला कागदोपत्री पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.